नवसू मापाऱ्याचा घास

जव्हार संस्थानच्या कोठीत भात मोजताना नवसू मापारी पहिल्या पायलीला कधी 'एक' म्हणाला नाही. 'लाभ' म्हणायचा. तसे सगळेच मापारी पहिल्या मापाला लाभ म्हणतात, त्यात नवल नाही. पण बाकीचे तो शब्द उरकून टाकतात. नवसू म्हणायचा तेव्हा वाटायचं, समोरच्या माणसाला हा खरोखरच काहीतरी देतो आहे. वास्तविक तो घेत असे. साऱ्यापोटी आलेलं भात मोजून कोठीत ओतायचं, हे त्याचं काम. तरी लाभ मात्र तो देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचा, आणि सगळं माप झालं की टोपलीच्या तळाशी मूठभर भात राहू द्यायचा. रिकामी टोपली घेऊन कुणी जव्हार उतरायचं नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

मी त्या कोठीवर कारकून होतो. युरोपातली लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. नवसू साखरशेतचा, माझ्या वडिलांच्या वयाचा, आणि मी त्याला अरेतुरे करायचो. तो मला भाऊसाहेब म्हणायचा. तेव्हा हे कुणाला खटकत नव्हतं, मलाही नाही. आता मी त्याच्या त्या वेळच्या वयाला येऊन पोचलो आहे. जेवायला बसलो आणि पहिला घास घशाखाली उतरला की तो आठवतो. लिहून मन हलकं होईल अशी माझी समजूत नाही. पण त्याला ओळखणारे आता फार उरलेले नाहीत, आणि जे मी पाहिलं ते दुसऱ्या कुणी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

बेताच्या उंचीचा, रुंद छातीचा माणूस. खांद्यावर बाराही महिने घोंगडीचा तुकडा. समोरचा एक दात तुटका, बाकीचे झिजलेले. ते दात म्हणजे त्याचं हत्यार होतं. भात वाळलं आहे की ओलं, हे तो दातांनी ठरवायचा. टोपलीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळाचा दाणा काढायचा, नखाने तूस सोलायचा, दाढेखाली धरायचा आणि डोळे मिटायचा. कट्ट आवाज आला की म्हणायचा, "घ्या." दाणा नुसताच दबला तर म्हणायचा, "दोन उन्हं द्या." त्यापुढे वाद नसायचा. पाटील असो की पाटलाचा गडी, दोनांतलं एक काहीतरी ऐकून घ्यायचं.

वांगणीकडची एक बाई एकदा डोक्यावर टोपली घेऊन आली. वाटेत ओहोळात पाय घसरून तिचं अर्धं भात भिजलं होतं. आमचे कोठावळे, म्हणजे कोठीचे मुख्य, सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, परत ने, वाळवून आण. बाई तशीच उभी राहिली.

नवसू म्हणाला, "मामा, बाय परत गेली तं उन्हं बी तिच्यासंगती जातील. हितंच पडू द्या."

त्याने स्वतःची घोंगडी अंगणात अंथरली, तिच्यावर भात पसरलं आणि दिवसभर माप करता करता चिमण्या हाकलत राहिला. "जा ग, सरकारी भात हाय, मामा धरून नेतील," असं चिमण्यांना सांगायचा. उन्हं उतरली तेव्हा त्याने दाणा दाढेखाली धरला आणि डोळे मिटले. मिटले ते मिटलेच.

बाई म्हणाली, "बाबा, झोपलास काय?"

"थांब ग बाय. चव घेतू."

"तुझी चव होस्तवर मना घरी काळोख होल."

सगळे हसले. मामासुद्धा हसले. मग कट्ट आवाज झाला आणि नवसू म्हणाला, "घ्या."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की चावलेला दाणा तो गिळतो. दुसरे मापारी थुंकून टाकायचे. दिवसभरात किती टोपल्या येतात, किती गिळणार? मी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काहीतरी वावगं बोललो. "अन्न थुकायचा कसा, भाऊसाहेब?" एवढंच म्हणाला. मला ते आवडलं. घरी जाऊन मी आईला सांगितलंसुद्धा, की आमचा मापारी असा आहे.

दुपारी आम्ही एकाच वेळी जेवायचो. मी कोठीच्या ओट्यावर, तो खाली फणसाच्या मुळावर. ते अंतर तेव्हा असायचंच. पण समोरासमोर असल्याने मला त्याचं फडकं दिसायचं, त्याला माझा डबा. त्याच्या फडक्यात नागलीची जाड भाकरी आणि खुरासणीची चटणी. तो सावकाश, मन लावून जेवायचा.

एका माघात त्याचा घास अडला. छातीवर मूठ मारली, पाणी प्यायला, आणि हसला.

मी वरून म्हटलं, "नवसू, पायलीने खातोस म्हणून अडतंय. चिपट्याने खात जा."

चिपटं म्हणजे आमचं लहान माप. तो इतका हसला की डोळ्यांना पाणी आलं. पाणी हसण्याचंच होतं असं मी धरून चाललो. पुढे तो ते बोलणं स्वतःच वापरायला लागला. "आज चिपट्यानं खातू, भाऊसाहेब," म्हणून भाकरीचा नखाएवढा तुकडा मला दाखवायचा. आमचा तो रोजचा विनोद झाला. मी केलेला.

होळीच्या सुमारास तो भाकरी पाण्यात कुस्करून खाऊ लागला. मी म्हटलं, दात गेले वाटतं. तो म्हणाला, "सरकारचा भात खाऊन गेलं." चैत्रात भाकरी गेली आणि भात आला, मऊ, गुरगुट्या. मी म्हटलं, सोनीने भाकऱ्या थापायचा कंटाळा केला का रे? सोनी त्याची बायको. तो म्हणाला, "म्हातारी झाली ती. मनाबी म्हातारा केला तिनं." पावसाळा आला आणि भाताची पेज झाली. तेव्हा मी काहीच म्हटलं नाही, कारण पावसाळ्यात सगळ्या डोंगरातच पेज असते. नागली संपलेली असते, कणग्या खरवडलेल्या असतात, माणसं रानभाजी उकडून दिवस काढतात. आषाढ-श्रावणात इथे कोण बारीक होत नाही? नवसूच्या छातीची हाडं दिसू लागली, तशी सगळ्यांचीच दिसत होती. त्याची जरा जास्त. कोठीत उंदीर मारायला येणारा गडी म्हणाला, "नवसूबाबा, माप तुम्ही करता का माप तुमचा करतो?" तोही हसला, आम्हीही हसलो.

एकदा मात्र मी विचारलं होतं. ते मी स्वतःला पुष्कळदा सांगतो, की मी विचारलं होतं.

"दुखतं का रे काही?"

"नाय."

"पोटात? छातीत?"

"नाय भाऊसाहेब. खाली उतरत नाय बेगीन, एवढाच. दुखत नाय तं दुखणा कसला?"

मला पटलं. खरं सांगायचं तर माझीही तीच समजूत होती. दवाखाना होता, कोठीपासून हाकेच्या अंतरावर. पण तो तापासाठी, कुऱ्हाड लागली तर, पोरांना देवी टोचायला. घास अडतो म्हणून कुणी डॉक्टरकडे गेलेलं मी ऐकलं नव्हतं. खाणं हे घरातलं, घास हा देवाचा. त्यात डॉक्टर काय करणार?

आणि मला वाचता येत होतं. कचेरीत मुंबईचं वर्तमानपत्र शिळं होऊन यायचं. त्यात एका औषधवाल्याची जाहिरात असे: जुनाट अजीर्ण, आंबट ढेकर, घशाशी येणे, अन्न न उतरणे, अशक्तपणा, सर्वांवर एकच उपाय. मी ती नवसूला वाचून दाखवली. एकेक लक्षण ऐकताना त्याचे डोळे मोठे होत गेले.

"हा तं माझाच लिवलाय," तो म्हणाला. "त्याला मुंबईत कसा कळला?"

"त्यांना सगळं कळतं," मी म्हटलं. "तुला पित्त आहे."

बाटली टपालाने आली. त्याने ती उन्हात धरून आतला रंग पाहिला. पहिल्या आठवड्यात त्याला मोठमोठे ढेकर आले, छाती मोकळी वाटली, मऊ भात उतरला. भात घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगू लागला, भाऊसाहेबांनी कागदात वाचून माझं दुखणं काढलं. मला फार बरं वाटलं. ज्या कामासाठी शिकलो ते काम आज झालं, असं वाटलं. मग दुसरी बाटली मागवली, मग आणखी. बाटल्यांमध्ये सगळा पावसाळा गेला. त्याच्या चेहऱ्याकडे न बघता मी बाटलीकडे बघत होतो, कितपत उरली म्हणून.

दसरा झाला आणि हळवं, लवकर पिकणारं भात यायला लागलं. पहिल्या दिवशी नवसू मापापाशी बसला. दाणा चावला, घ्या म्हणाला, पायली भरली, समोरच्या शेतकऱ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. लाभ हा शब्द निघालाच नाही. नुसती हवा आली, फाटलेल्या पिशवीतून यावी तशी. त्याने खाकरून पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. शेतकऱ्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी उठलो, ओट्यावरून खाली उतरलो आणि त्याचा हात धरला. त्याला मी कधी शिवलो नव्हतो. हात म्हणजे नुसती काठी होती.

दवाखान्यातले डॉक्टर बाहेरगावचे होते. तुटक बोलायचे, पण मनाचे वाईट नव्हते.

"काय होतंय?"

मी म्हटलं, "जुनं पित्त आहे."

"तुम्ही वैद्य आहात का?"

"नाही."

"मग त्याला सांगू द्या."

नवसूने माझ्याकडे बोट केलं आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "त्येच सांगतील. त्येंना समदा माहीत हाय."

डॉक्टर म्हणाले, "बरं, तुम्ही सांगा. पण पित्तबित्त नको. हा पहिल्यापासून काय खायचा आणि काय खात आला, तेवढं सांगा."

मी सांगू लागलो. गेल्या दिवाळीत अख्खी भाकरी खायचा. माघात घास अडायला लागला. होळीला भाकरी कुस्करून. चैत्रात मऊ भात. पावसात पेज. गणपतीनंतर आंबील. आता आंबीलही फडक्यातून गाळून. बोलता बोलता माझा आवाज हळू होत गेला. एकामागून एक, क्रमाने, जिन्याच्या पायऱ्या उतरावं तसं मी सगळं सांगत होतो आणि ते मला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. डॉक्टरांनी दौतीत बुडवलेला टाक तसाच धरला होता.

"तुम्हाला सगळंच ठाऊक होतं की," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी ते फक्त म्हटलं.

बाहेर पडवीत त्यांनी मला समजावून सांगितलं. अन्न जाण्याची नळी असते, तिच्यात आतून मांस वाढतं. आधी घट्ट अडतं, मग मऊ, मग पातळ. आवाज बसला म्हणजे ते बरंच पसरलं. दुखतं ते अगदी शेवटी, म्हणून माणसं येतात तीही शेवटी. त्यांनी त्या रोगाचं इंग्रजी नाव सांगितलं. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"माघात आणलं असतं तर?" मी विचारलं.

ते म्हणाले, "बरा झाला असता असं मी म्हणणार नाही. याच्यावर आमच्याकडेही फारसं काही नाही. पण अंगात ताकद असताना नाशिकला नेलं असतं तर पोटाला वाट करून तिथून पेज घालता आली असती. काही महिने निघाले असते. निदान उपाशी राहून मरणं टळलं असतं. आता वाटेत निभेल की नाही, सांगवत नाही. तरी नेऊन बघा."

मी ठरवलं, न्यायचंच. मोखाड्यावरून नाशिकची वाट. डोली करायची, माणसं लावायची. दवाखान्यातून परतताना तळ्याच्या बांधावर तो दम खायला बसला, मी शेजारी बसलो. त्याच्या शेजारी बसायचीही ती पहिलीच वेळ. मी त्याला डोलीचं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

"मना म्हाईत हाय काय आडवा आलाय ते. दाणं."

मला कळेना. त्याने हळूहळू सांगितलं, मध्ये मध्ये थांबत. खळ्यावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, पूजा होत नाही तोवर त्या सालचा दाणा तोंडात घालायचा नाही, ही त्यांची रीत. पण हळवं भात कोठीत लवकर यायचं, साखरशेतची पूजा मागून व्हायची. मापाऱ्याला दाणा चावावाच लागायचा. चावून थुंकला असता तर दोष नव्हता. त्याच्याने थुंकवलं नाही. दर साली देवीच्या आधी तो खात आला. "तेच दाणं आता आडवं उभं राह्यलंत," तो म्हणाला. "भगतानं बी तेच सांगितला."

"कधी?"

"होळीला."

"मग मला का नाही बोललास?"

"तुम्ही कागद वाचत होतात. आनि मामांना कळला असता, मापाऱ्यावर कणसरी रुसली, तं माझ्याम्होरं टोपली कोन ठेवील? मना माप करायचा होता."

मी त्याला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. दाण्याने हे होत नाही म्हटलं, मांस वाढतं म्हटलं.

"डाक्तरनं आत बघितला?"

"आत कसं बघणार?"

"मंग?" तो म्हणाला, आणि माझी समजूत काढावी तसा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही करा डोली. मी येतू. पन खळ्यावर कणसरी पुजली का मग. औंदा देवी आधी."

भगताकडे एक उत्तर होतं, माझ्या बाटलीकडे एक होतं, डॉक्टरांकडे एक. भगताचं आणि माझं त्याला वेळेवर मिळालं. डॉक्टरांचं मिळालं नाही, आणि दवाखान्याचं दार माझ्या ओट्यावरून दिसत होतं.

त्यानंतर मला एक सवय लागली आहे. कुणाच्या ताटात भाकरीऐवजी पेज दिसली की मी विचारतो, गिळताना अडतं का? कधीपासून? माझी बायको वैतागते. लग्नाच्या पंगतीत एका पाहुण्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लोकांना सुखाने जेवू द्या हो." पाहुण्याचे दात दुखत होते, एवढंच. तरी मी विचारतो. विचारल्यावर दोघांना मी हात धरून दवाखान्यात नेलं आहे. एकाचं काहीच निघालं नाही. दुसऱ्याचं निघालं.

साखरशेतला मी डोली घेऊन गेलो तेव्हा खळ्यावर पूजा नुकतीच झाली होती. डोलीवाले झाडाखाली बसले. भाताची रास घातली होती, तिच्यावर फुलं, पुढे दिवा. बायकांचं गाणं संपत आलं होतं. नवसू खळ्याच्या मेढीला, मधल्या खांबाला, टेकून बसला होता, अंगाभोवती तीच घोंगडी. मला बघून त्याने ओळखीचं हसू केलं. तुटका दात दिसला. डोलीकडे त्याने एकदा पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं होकार, पण तो नकार असावा. डोली रिकामीच परत आली, आणि त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

पण डोली निघण्याआधी सोनीने राशीतला एक दाणा घेतला, नखाने तूस सोललं आणि तळहातावर धरून त्याच्यापुढे केला. त्या सालचा पहिला दाणा, देवीनंतरचा, त्याच्या हक्काचा. पाणीसुद्धा त्याला उतरत नव्हतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने दाणा उचलला, दाढेखाली धरला आणि डोळे मिटले. गाणं थांबलं. तो नेहमीसारखाच वेळ लावत होता. मग त्या शांततेत कट्ट आवाज झाला, बारीक, पण मला स्पष्ट ऐकू आला.

त्याने दोन बोटांनी तो चावलेला दाणा तोंडातून काढला. मी त्याला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. सोनीच्या तळहातावर तो परत ठेवला, तिची बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली, आणि राशीभोवती उभ्या असलेल्या त्या सगळ्या माणसांकडे बघून ओठ हलवले. आवाज आला नाही. पण तो शब्द मी इतक्या वेळा ऐकला होता की ओठांवरून कळला.

घ्या.